वाडगा, काटा आणि ढबू मिरची : कॅमेऱ्यातील अमूर्त

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या कोणालाही ‘वस्तुचित्र’ आणि ‘स्थिरचित्र’ हे शब्द नवे नाहीत. स्टुलावर चुण्या पडलेले कापड, त्यावर एखादा तांब्या किंवा किटली, शेजारी दोन फळे नाहीतर भाजी, असा तो ठरलेला संसार असतो. परीक्षार्थी भोवती बसतात आणि ज्याच्या वाट्याला जी बाजू येईल ती तो काढतो. गुण कशाला मिळतात हेही ठरलेले आहे. तांब्याचा गळा दोन्ही बाजूंना सारखा हवा, तोंडाची लंबगोल रेषा कोठे मोडता कामा नये, छायाप्रकाश पटला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे तांब्या तांब्यासारखा दिसला पाहिजे.

आता अशी कल्पना करा की परीक्षकांच्या टेबलावर कोणी पुढील चित्र ठेवले. स्वयंपाकघरातले साधे वाडगे आहेत, पण सगळे एकमेकांत शिरलेले. एकाची कड दुसऱ्याच्या पोटावर चढलेली, कोणाचा काही भाग चौकटीबाहेर गेलेला. उन्हाने उजळलेल्या चंद्रकोरी, आणि त्यांच्या आत सावल्यांच्या तशाच दुसऱ्या काळ्याभोर चंद्रकोरी. टेबल कोठे संपते आणि मागची भिंत कोठे सुरू होते, याचा पत्ता नाही. परीक्षक यास किती गुण देतील हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. सांगावयाचे ते हे, की हे चित्र हाताने काढलेले नसून कॅमेऱ्याने टिपलेले आहे, आणि तेही १९१६ साली. छायाचित्रकाराचे नाव पॉल स्ट्रँड.

चित्रकाराने रूप मोडले तर आपण एक वेळ समजून घेतो. त्याच्या हाती कुंचला आहे, त्याला हवे ते तो करील. परंतु कॅमेरा म्हणजे समोर असेल ते जसेच्या तसे उतरवून घेणारे यंत्र, अशी आपली पक्की समजूत असते. त्या यंत्रातून ‘अमूर्त’ कसे निघते? आणि निघाले तर त्यात वाडग्याचे म्हणून काय उरते? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात चार छायाचित्रकारांच्या मोजक्या छायाचित्रांच्या आधाराने करावयाचा आहे. छायाचित्रे लेखासोबत छापता येत नाहीत. पण ही सर्व इतकी प्रसिद्ध आहेत की छायाचित्रणाच्या इतिहासाच्या कोणत्याही बऱ्या ग्रंथात ती आढळतात, मोबाइलवर तर क्षणात समोर येतात. लेख वाचता वाचता ती पाहून घ्यावीत, ही विनंती.

स्ट्रँडचा जन्म १८९० सालचा, न्यूयॉर्कचा. शाळेत त्याला छायाचित्रण शिकवायला ल्युइस हाइन होते. हेच हाइन पुढे गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या अमेरिकन बालकामगारांच्या छायाचित्रांमुळे प्रसिद्धीस आले. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांची एक लहानशी गॅलरी दाखवली. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील २९१ या घरक्रमांकानेच ती ओळखली जाई. त्या काळी ‘कलात्मक’ छायाचित्र म्हणजे धूसर, धुक्यात भिजल्यासारखे, काहीसे जलरंगातल्या चित्राचा भास करून देणारे छायाचित्र. कॅमेऱ्याने आपण कॅमेरा आहोत हे लपवावे, तरच ती कला, असा एकंदर प्रकार होता. स्ट्रँडही सुरुवातीला तसेच करी. स्टिग्लिट्झ यांनी त्याला त्यातले वैगुण्य दाखवून दिले. अशा मऊ भिंगातून गवत, पाणी आणि झाडाची साल ही सारी एकाच लगद्याची केल्यासारखी दिसतात. प्रत्येक पदार्थाचे स्वतःचे अंग हरवते. मग स्ट्रँडने भिंगाचे छिद्र लहान केले आणि त्याची चित्रे लख्ख झाली.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. २९१ मध्ये १९११ साली सेझान आणि पिकासो यांची चित्रे लागली होती, आणि १९१३ च्या प्रसिद्ध आर्मरी प्रदर्शनात युरोपातील नव्या चित्रकारांचा सारा ताफाच न्यूयॉर्कमध्ये उतरला. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी टिंगल केली, काहींनी माना डोलावल्या. स्ट्रँडने या दोन्हींपैकी काहीच न करता तिसरी गोष्ट केली, आणि मला ती फार मोलाची वाटते. ही मंडळी नेमके काय करताहेत ते आपल्याला समजले पाहिजे, आणि ते आपल्या स्वतःच्या हत्याराने करून पाहिल्याखेरीज समजणार नाही, असे त्याने ठरवले. १९१६ च्या उन्हाळ्यात तो कनेक्टिकट राज्यातील ट्विन लेक्स येथे राहिला होता. तेथे सामग्री म्हणून त्याच्याजवळ होते काय, तर स्वयंपाकघरातले वाडगे, काही नासपती फळे, एखादी खुर्ची, एक गोल टेबल आणि व्हरांड्याचा कठडा. एवढ्यावर त्याने आपला अभ्यास केला.

या अभ्यासातील व्हरांड्याचे चित्र वाडग्यांच्या चित्राहूनही पुढे गेलेले आहे. त्याने ते गोल टेबल कलते केले. त्यावर कठड्याच्या दांड्यांमधून आलेले ऊन पडले होते. चित्रात दिसतात ते उजेडाचे आणि अंधाराचे तिरके पट्टे, आणि त्यांना छेदून जाणारी टेबलाची भली मोठी वळणदार कड. बस्स. चित्राची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे सांगता येत नाही. फिरवून धरले तरी ते तितकेच पक्के उभे राहते. आपल्याकडे जुन्या घराच्या पडवीत गजांच्या खिडकीतून दुपारचे उन्हाचे पट्टे जमिनीवर, कोनाड्यातल्या हंड्यावर, झोपलेल्या माणसाच्या पाठीवर पडतात, ते कोणी पाहिलेले नाहीत? परंतु ते पाहताना आपण पडवी पाहतो, हंडा पाहतो. पट्टा हीच एक वस्तू आहे आणि ती हंड्याइतकीच खरी आहे, असे आपल्या मनात येत नाही. स्ट्रँडच्या या चित्रात सावलीला वस्तूच्या पंगतीला बसवले आहे.

स्टिग्लिट्झ यांच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा शेवटचा, ४९-५० हा जोडअंक जून १९१७ मध्ये निघाला. तो स्ट्रँडलाच वाहिलेला होता, आणि त्यात ही दोन्ही चित्रे होती. पण त्याच अंकात न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील, गळ्यात ‘आंधळी’ अशी पाटी अडकवलेल्या एका स्त्रीचे छायाचित्रही होते. हे शेजारपण ध्यानात ठेवावे; त्याकडे पुढे यावयाचे आहे. स्ट्रँडने नंतर अशी निखळ अमूर्त चित्रे काढणे सोडून दिले. चित्र उभे कसे राहते, एक आकार दुसऱ्या आकाराला कसा तोलून धरतो, रिकामी जागा कशी भरते, हे शिकण्यासाठी आपण तो उद्योग केला, असे तो म्हणत असे. म्हणजे आज संग्रहालये जपून ठेवतात ती ही चित्रे करणाऱ्याच्या दृष्टीने गृहपाठ होती!

येथे ‘अमूर्त’ या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण या शब्दाने आपला पुष्कळ घोटाळा केला आहे. अमूर्त म्हणजे ज्याला मूर्ती नाही, रूप नाही, ते. हा शब्द ब्रह्माला शोभेल, वाडग्याला शोभत नाही. इंग्रजीतील ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याच्या मुळाशी ‘ओढून वेगळे काढणे’ असा अर्थ आहे. उसातून रस काढावा तसे वस्तूतून काहीतरी काढून घ्यायचे. चित्रकाराला वस्तूपासून सुरुवात करण्याचीसुद्धा सक्ती नाही. कोऱ्या कॅनव्हासवर तो एक तांबडा चौकोन काढू शकतो, आणि तो कशाचाही चौकोन नसतो. छायाचित्रकाराला ही मुभा नाही. त्याच्यासमोर काहीतरी असावेच लागते, त्यावरून उजेड यावाच लागतो. १९२२ च्या सुमारास मॅन रे आणि मोहोली-नॉज यांनी तर कॅमेराही टाकून दिला आणि प्रकाशाला जागणाऱ्या कागदावर वस्तू ठेवून नुसते त्यांचे ठसे घेतले. पण तेथेही किल्ली, कंगवा, काहीतरी कागदावर ठेवावे लागलेच.

म्हणून छायाचित्रातील अमूर्त हे नेहमी दुहेरी असते. वाडग्यांच्या चित्राकडे पाहताना पहिले काही क्षण केवळ वळणे दिसतात. मग एकदम ध्यानात येते, अरे, हे तर वाडगे! आणि त्यानंतर गंमत सुरू होते, कारण आता दोहोंपैकी एकही गोष्ट नजरेतून जात नाही. धारवाड-बेळगावच्या मुलखात ज्यांचे कान तयार झाले आहेत त्यांना हे ख्यालावरून चटकन पटेल. गायक बंदिशीतला एखादा शब्द असा लांबवतो, वळवतो, तोडतो की तो शब्द न राहता नुसता स्वर होतो. अर्थ कोठे विरून जातो. आणि समेवर येताच तोच शब्द पुन्हा शब्द होऊन भेटतो. मधल्या स्वरविहारात शब्द मेला असता तर समेला आनंद झाला नसता. छायाचित्राचेही तसेच आहे. वस्तू पूर्ण पुसली गेली तर उरते ते केवळ नक्षीकाम. आणि वस्तू जराही हलली नाही तर उरते भांड्यांच्या दुकानाचे सूचीपत्र. मला वाटते, या जातीच्या छायाचित्रांची परीक्षा या एकाच कसोटीवर करावी.

हे साधते कसे, असे कोणी विचारील. त्यात जादू काही नाही. पहिली गोष्ट चौकटीची कड. डोळ्याला कड नसते, कॅमेऱ्याला असते. ती कड वाडग्याला जेथे कापते तेथे वाडगा संपून आकार सुरू होतो. दुसरी गोष्ट उभे राहण्याची जागा. समोरून पाहिले की टेबल आडवे दिसते, मागे भिंत येते, आणि आपल्याला खोलीत असल्याची खात्री वाटते. सरळ वरून पाहिले की जमीनच भिंत होते आणि ती खात्री जाते. फार जवळ गेले की वस्तूचे मान हरपते, मग वाटी आणि घुमट यांत फरक राहत नाही. राहता राहिला रंग. काळ्यापांढऱ्या छायाचित्रात टोमॅटो आणि कोबी यांना एकमेकांपासून वेगळे राहण्यासाठी उजेडाखेरीज आधार नसतो. या सर्वांत काहीही पुसलेले वा खोटे घातलेले नाही हे मात्र विसरू नये. सारे काही निवडीने झालेले आहे.

आंद्रे केर्टेस याचा ‘काटा’ हे याचे माझ्या मते सर्वांत निर्मळ उदाहरण. केर्टेस बुडापेस्टचा, जन्म १८९४. १९२५ साली तो पॅरिसला आला, आणि हे चित्र १९२८ चे आहे. एक जेवणाचा काटा आहे. त्याचे दाते ताटलीच्या कडेवर टेकलेले आहेत, आणि काट्याची व ताटलीची सावली पडलेली आहे. याहून अधिक काहीही चित्रात नाही. स्ट्रँडप्रमाणे येथे कोडे घातलेले नाही. काटा पहिल्या क्षणापासून काटा म्हणूनच दिसतो, परीक्षकही पूर्ण गुण देतील. असे असूनही थोडा वेळ पाहत राहिले की काट्याचा उपयोग मनातून निघून जातो आणि उरते ती एक सरळ रेघ, चार दात्यांची बारीक पुनरावृत्ती, ताटलीची वळणदार रेघ, आणि या साऱ्यांची सावल्यांनी केलेली थोडी बदललेली नक्कल. सावलीतले दाते खऱ्या दात्यांपेक्षा वेगळ्या लयीत पडले आहेत. काट्याला कोणी हात लावलेला नाही, तरी जेवणारा नुकताच उठून गेला असावा असे वाटते. मला तर यात निवांतपणा दिसतो, परक्या शहरात एकट्याने जेवणाऱ्याचा. अर्थात हे माझे वाचन झाले. चित्र त्याबद्दल काही बोलत नाही.

या काट्याची पुढची हकिकत मजेदार आहे. १९२९ साली श्टुटगार्ट येथील ‘फिल्म उंड फोटो’ या मोठ्या प्रदर्शनात तो मांडला गेला, आणि त्याच वर्षी ‘डी डामे’ या जर्मन नियतकालिकात चांदीचे काटे-चमचे करणाऱ्या एका कंपनीची जाहिरात म्हणूनही छापला गेला. एकच चित्र, एके ठिकाणी नवी कला आणि दुसरीकडे दुकानदारी. हा काही अपवाद नव्हे. अमेरिकेत पॉल आउटरब्रिज याने १९२२ साली शर्टाची एक सुटी कॉलर पटाच्या काळ्यापांढऱ्या चौकोनांवर ठेवून छायाचित्र काढले. ते आज या कलेतील मानबिंदू समजले जाते, पण मुळात ती कॉलर विकण्यासाठी ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये आलेली जाहिरातच होती. साध्या वस्तूकडे टक लावून पाहायला लावणारी दृष्टी कलावंताला जितकी हवी असते तितकीच विक्रेत्यालाही, हे त्या काळच्या जाहिरातवाल्यांनी फार लवकर ओळखले.

एडवर्ड वेस्टन याची वाट निराळी. कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे त्याने १९२९ आणि १९३० मध्ये ढबू मिरचीची निदान तीस छायाचित्रे काढली. त्यांतील तिसावे, १९३० सालचे, जगप्रसिद्ध आहे. मिरची ठेवायची कशावर, याच्याशी तो बरेच दिवस झगडत होता. शेवटी त्याने एक पत्र्याचे नरसाळे आडवे ठेवले आणि त्याच्या तोंडात मिरची बसवली. नरसाळ्याच्या आतल्या गोलाईवरून उजेड परतून मिरचीच्या कडांवर आला आणि मागचा भाग अंधारात बुडाला. ८ बाय १० इंचांची भली मोठी निगेटिव्ह, तिच्यावरून त्याच मापाचा ठसा. त्यामुळे सालीवरची चकाकी, देठाजवळचा खळगा, सारे काही बोटाने चाचपावे इतके स्पष्ट. आणि तरीही ती मिरची वाटत नाही. पाठ वळवून, दंड दुमडून बसलेला पहिलवान वाटतो. कोणाला दोन माणसांची मिठी दिसते. विशेष म्हणजे ही मिठी मिरचीच्याच अंगची होती, तिला तासून कोरून आणलेली नव्हती. वेस्टनने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की ही मॉडेल मंडळी काम झाल्यावर स्वयंपाकात जात. आणि त्यावरून कोणी चेष्टा केली तरी त्याची त्याला खंत नव्हती, उलट ती आपल्या रक्तात मिसळतात याचे समाधानच होते.

मिरची क्रमांक तीस हे थोर छायाचित्र आहे यात शंका नाही. पण वर सांगितलेल्या कसोटीवर ते मला काट्याच्या किंचित खाली वाटते. काटा रेघ होतो, पण काटा राहतो. मिरची मात्र शिल्प होण्याच्या इतकी मागे लागते की मंडईतली ती हिरवी, तिखट वासाची, पावशेरावर मिळणारी भाजी आपल्याला आठवेनाशी होते. तिचे मोठेपण दुसऱ्याच कोणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटते. या मताशी पुष्कळ जाणकार सहमत होणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

चौथे नाव मार्गारेट वॉटकिन्स हिचे. वरील तिघांच्या मानाने हे नाव फार थोड्यांना ठाऊक असते, आणि तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. ती कॅनडातील हॅमिल्टनची, जन्म १८८४. न्यूयॉर्कला क्लॅरेन्स व्हाइट यांच्या छायाचित्रण विद्यालयात ती शिकली आणि पुढे तेथेच शिकवू लागली. मघाचा कॉलरवाला आउटरब्रिजही याच विद्यालयाचा विद्यार्थी. १९१९ साली तिने आपल्या स्वयंपाकघरातील सिंकची छायाचित्रे काढली. एकात दुधाची बाटली, कप, जग, अशी धुवायची राहिलेली भांडी. ‘घरगुती सिम्फनी’ असे नाव असलेल्या दुसऱ्यात सिंकची शंखासारखी वळलेली पांढरी कड, आणि शेजारी काही अंडी. ऑक्टोबर १९२१ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ने तिच्या अशा चित्रांना एक पान दिले. छायाचित्रण आता स्वयंपाकघरात आले, अशा अर्थाचा मथळा होता.

स्ट्रँडचे वाडगे आणि वॉटकिन्सचा सिंक शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हीकडे वळणे, दोन्हीकडे कडा, दोन्हीकडे उजेडाचा खेळ. पण स्ट्रँडचे वाडगे रिकामे आणि स्वच्छ आहेत. ते चित्रासाठी मांडलेले आहेत. वॉटकिन्सची भांडी खरकटी आहेत. ती कोणीतरी विसळायची आहेत, आणि कोणी, हे त्या काळी सांगण्याची गरज नव्हती. रोज दोन वेळा जिच्यासमोर उभे राहावे लागते त्या जागेतही तोल आहे, लय आहे, हे दिसायला तेथे उभे राहणाराच डोळा लागला. कौतुकही नाही आणि तक्रारही नाही. सिंकची कड सुंदर आहे, आणि भांडी घासायची राहिली आहेत, दोन्ही खरे.

तिची पुढची कहाणी चटका लावणारी आहे. १९२८ साली ती ग्लासगोला आपल्या वृद्ध मावशी-आत्यांना भेटायला म्हणून गेली. त्यांची आजारपणे निघाली आणि ती तेथेच अडकली, ती कायमची. छायाचित्रकार म्हणून तिचे नाव मागे पडले. म्हातारपणी तिने शेजारच्या एका गृहस्थाला एक बंद खोके दिले आणि माझ्या मरणानंतर उघडा म्हणून सांगितले. १९६९ साली ती गेली. खोके उघडल्यावर, जिच्याशी आपण वर्षानुवर्षे गप्पा मारल्या ती बाई कोण होती, हे त्या शेजाऱ्याला कळले.

आता एका आक्षेपाला तोंड दिले पाहिजे. भांड्यांच्या कडा आणि मिरचीची वळणे पाहत बसण्याची चैन कोणाला परवडते? जगात एवढे दुःख असता ही सौंदर्यदृष्टी म्हणजे डोळेझाकच नव्हे काय? हा आक्षेप मोठ्या माणसांनी घेतलेला आहे. आल्बर्ट रेंगर-पात्श या जर्मन छायाचित्रकाराचे शंभर छायाचित्रांचे पुस्तक १९२८ मध्ये निघाले. त्याला स्वतःला ‘वस्तू’ एवढेच नाव हवे होते, पण प्रकाशकाने ‘जग सुंदर आहे’ असे ठेवले. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ साली याच मथळ्यावर बोट ठेवले. असे छायाचित्र डबाबंद मालाच्या डब्यालाही विश्वात मिरवून आणील, पण ज्या मानवी व्यवहारात तो डबा येतो त्यातला एकही धागा त्याच्या हाती लागणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. कारखान्याच्या छायाचित्रावरून त्या कारखान्याविषयी काहीच कळत नाही, या ब्रेश्टच्या विधानाचाही त्यांनी आधार घेतला. रेंगर-पात्शने जोडे बनवण्याच्या कारखान्यातील इस्त्र्यांचे एक देखणे छायाचित्र काढले आहे. ओळीने मांडलेल्या इस्त्र्या, कवायतीला उभ्या असल्यासारख्या. त्या हाती धरणारे हात मात्र कोठेच नाहीत.

बेन्यामिन यांचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. मथळा खोटा होता. जग सुंदर आहे असे सरसकट सांगण्याचा अधिकार कॅमेऱ्याला नाही. परंतु त्यावरून आकार पाहणेच सोडावे, असे निघत नाही. ‘कॅमेरा वर्क’च्या त्या अंकातले शेजारपण आता आठवावे. ज्या वर्षी स्ट्रँडने वाडगे टिपले त्याच १९१६ साली त्याने ती आंधळी स्त्री टिपली. तिच्या चित्रात लंबगोल चेहरा, त्याखाली पाटीचा पांढरा चौकोन, मागे दगडी भिंत, आणि बाजूला काही नाही. ते चित्र छातीवर आदळते, कारण त्यातला एकही आकार फुकट गेलेला नाही. पुढे १९३२ नंतर स्ट्रँड मेक्सिकोत गेला आणि तेथील कोळ्यांच्या जीवनावरील चित्रपटाचे काम त्याने केले. गृहपाठ तेथेही उपयोगी पडला असणारच. आणि वॉटकिन्सच्या सिंकपुढे तर हा आक्षेप टिकतच नाही. तेथे मानवी व्यवहाराचा धागा भांड्यांनाच चिकटलेला आहे.

आपल्याकडे या दृष्टीचे बोलायचे तर नसरीन मोहम्मदी यांचे नाव घ्यावे लागेल. जन्म कराचीचा, १९३७ सालचा. १९७२ पासून त्यांनी वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला शिकवली, आणि १९९० साली अलिबागजवळ किहीम येथे त्यांचे निधन झाले. पेन्सिल आणि शाईच्या अत्यंत बारीक रेघांची चित्रे हे त्यांचे मुख्य काम. पण त्या छायाचित्रेही काढीत, आणि हयातीत त्यांनी ती प्रदर्शनात मांडली नाहीत. फरशी, रस्त्यावरचे पट्टे, ताणलेले धागे, पडलेल्या सावल्या, यांतून त्यांनी रेघ तेवढी उचलली. ही काटेकोर अर्थाने स्थिरचित्रे नव्हेत. पण वस्तूतून रस काढण्याची रीत तीच, आणि भारतीय उन्हाची धार त्यांना लागलेली आहे.

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. महाग कॅमेरा लागत नाही, मोबाइल पुरे. मात्र त्याच्या दोन खोडी ठाऊक हव्यात. मोबाइलचे नेहमीचे भिंग रुंद पाहणारे असते, त्यामुळे वाटीच्या फार जवळ गेले की जवळची कड फुगते आणि वाटी वेडीवाकडी दिसते. म्हणून दोन पावले मागे सरकून दुपटीचे भिंग लावावे. दुसरी खोड अशी की अंधार दिसला की तो आपणहून उजळतो आणि सावल्या पांढुरक्या करून टाकतो. पडद्यावर सर्वांत उजळ भागावर बोट ठेवून उजेड खाली ओढावा. सावली काळी होऊ द्यावी. फ्लॅश बंद. रंग काढून टाकावा, निदान सुरुवातीला.

वस्तू एकच घ्यावी. माझे मत विचाराल तर झारा घ्या. सकाळचे ऊन खिडकीतून तिरपे येत असते तेव्हा तो ओट्यावर एका बाजूने थोडा उचलून धरा. त्याच्या भोकांतून उजेडाचे ठिपके खाली पडतील. झारा सपाट धरला तर गोल, कलता केला तर लांबट, आणि वर उचलत नेला तर कडा विरघळून एकमेकांत मिसळणारे. दांडा चौकटीत ठेवायचा की कापायचा, हे तुम्ही ठरवा, पण दोन्ही करून पाहा आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवा. किसणी, चकलीचा सोऱ्या, इडलीपात्राची ताटली यांवरही हेच करता येईल. वीस छायाचित्रे होईपर्यंत वस्तू बदलू नका. वेस्टनला तिसाव्या मिरचीपर्यंत जावे लागले होते. आणि ज्यांच्या हातात तो झारा रोज असतो त्यांना तुमची चित्रे आधी दाखवा. हे काय आहे म्हणून त्यांनी विचारले तर दांडा चौकटीत ठेवून पुन्हा काढा. आमचाच झारा ना हा, असे म्हणून त्या थोडा वेळ पाहत राहिल्या तर ते छायाचित्र वेगळे काढून ठेवा.